राखीव टाकी

थंडीवर जिवापाड प्रेम करणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो सिंगापुरात राहत होता. हिमालयात ट्रेकिंग करून आलेले, युरोपात शिकून आलेले, काश्मीरचे फोटो दाखवता दाखवता पाहुण्यांना जेवायला वाढायचं विसरणारे असे पुष्कळ भेटले. पण थंडी या विषयावर अधिकाराने, मायेने आणि समोरच्याची बस चुकेपर्यंत बोलावं ते तोआ पायोहमधल्या माझ्या घरमालकांनीच. त्यांना मी काका म्हणत असे. काकांचा जन्म नागपूरचा, म्हणजे उन्हाळ्यात कावळेही सावली बघून बसतात तिथला. आणि नोकरी सारी सिंगापुरात, जिथे बाराही महिने उन्हाळाच असतो. बर्फ त्यांनी पाहिला होता तो उसाच्या रसात नाहीतर मासळीच्या टोपलीत, आकाशातून पडताना एकदाही नाही. तरीसुद्धा कडाक्याच्या थंडीत, पाणी फेकलं तर खाली येईतो गोठावं अशा हवेत, डिझेलची लॉरी सकाळी कशी सुरू करायची हे विचारायचं तर काकांनाच विचारावं. न विचारताही ते सांगत.

मी तेव्हा वन-नॉर्थ भागातल्या एका प्रयोगशाळेत पोस्टडॉक करत होते आणि काकांच्या फ्लॅटमधली मागची खोली भाड्याने घेतली होती. पहिल्याच दिवशी मी पाण्यात घालायला बर्फ काढावा म्हणून फ्रीजर उघडला, तर डाव्या बाजूला मटार, ओलं खोबरं आणि पापलेट, आणि उजव्या बाजूला पिवळसर काहीतरी भरलेल्या काचेच्या बाटल्या ओळीने उभ्या. मला वाटलं सरबत असेल. मागून काकूंचा शांत आवाज आला, "त्याला हात लावू नको बरं, ते डिझेल आहे." जणू शेजारी कोथिंबीर आहे असं सांगावं तसं त्या म्हणाल्या. फ्रीजरची ही वाटणी त्यांच्या लग्नाइतकी नसली तरी बरीच जुनी होती. रोज सकाळी दात घासण्याआधी काका एकेक बाटली बाहेर काढत, खिडकीच्या उजेडात तिरपी करून बघत आणि आतलं डिझेल किती गढूळलं, मेण किती धरलं, बाटली आडवी केल्यावर हलतं की तुपासारखं बसून राहतं याची सगळ्या घराला बातमी देत. त्यांची शाळकरी मुलगी सॉक्स चढवता चढवता, शेवटी सिंगापुरी 'ला' जोडून म्हणायची, "पप्पा, बाहेर थर्टी टू डिग्री आहे, ला." त्यावर काकांचं ठरलेलं उत्तर होतं, की बाहेर म्हणजे कुठं ते आधी सांग.

बाहेर म्हणजे त्यांच्या लेखी मंगोलिया. जुरोंगमध्ये त्यांची नोकरी होती ती जुन्या लॉऱ्या दुरुस्त करून परदेशी पाठवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. सिंगापुरात गाडी दहा वर्षांची झाली की पुन्हा परवाना काढणं इतकं जड जातं, की धडधाकट लॉरीसुद्धा लोक मोडीत काढतात. अशा लॉऱ्या काकांची कंपनी घ्यायची आणि थंड मुलखात विकायची. काकांना या व्यवहाराचं मनापासून वाईट वाटत असे. दहा वर्षं जिने ऊन आणि पाऊस याखेरीज काही पाहिलं नाही, रस्त्यावर एक खड्डा पाहिला नाही, तिला एकदम उचलून त्या गारठ्यात टाकायचं म्हणजे नागपूरची पोर बिनस्वेटरची उत्तर ध्रुवावर सासरी धाडण्यासारखं आहे, असं ते म्हणत. म्हणून प्रत्येक लॉरीची तयारी ते लेकीच्या पाठवणीसारखी करत. जुनी बॅटरी काढून ताकदीची बसवायची. इंजिनात पातळ ऑइल घालायचं, कारण घट्ट ऑइल थंडीत काकवीसारखं होतं. रेडिएटरमध्ये साधं पाणी ठेवायचं नाही. ब्रेकच्या हवेच्या टाकीत साचलेलं पाणी रोज काम संपलं की सोडून द्यायचं, नाहीतर सकाळी ब्रेक जागचे हलत नाहीत. रेडिएटरपुढे बांधायला गोधडीसारखं जाड आवरण शिवून द्यायचं. आणि सगळ्यात शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं, डिझेल त्या हवेचं भरायचं. थंड देशात हिवाळ्याला वेगळं, न थिजणारं डिझेल मिळतं. तेच भरायचं, दुसरं नाही. ही उजळणी मी इतक्या वेळा ऐकली, की आजही मला झोपेतून उठवून विचारलं तर सांगेन. काकूंना तर ती वंदनेसारखी पाठ होती.

नुसत्या पुस्तकी थंडीवर काकांचं समाधान होत नसे. जुरोंगमध्येच ओळखीच्या एका माणसाचं मासळीचं शीतगृह होतं. महिन्यातून एखाद्या शनिवारी काका स्वेटर, माकडटोपी आणि लोकरीचे मोजे घेऊन तिथे जात आणि खोक्यांच्या मध्ये स्टूल टाकून बसत. काय करता, असं मी विचारलं तर म्हणाले, काही नाही, बोटांनी नट फिरवता येतो का ते बघतो. ज्या वर्षी तापाची मोठी साथ आली होती आणि प्रत्येक इमारतीच्या दारात ताप मोजत होते, त्या वर्षी ते शीतगृहातून थेट दुसऱ्या इमारतीत कामाला गेले. पहारेकऱ्याने यंत्र कपाळापुढे धरलं, आकडा पाहिला, यंत्र झटकलं, पुन्हा धरलं. ताप असलेल्याला परत पाठवायचा हुकूम त्याला होता. ताप फारच कमी असलेल्याचं काय करायचं हे कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी त्याने काकांना उन्हात उभं केलं आणि जरा गरम झाल्यावर आत सोडलं. हा प्रसंग काका कौतुकाने सांगत, आणि सांगताना पहारेकऱ्याचीच बाजू घेत.

थंड देशातून आलेला माणूस दिसला की काकांच्या डोळ्यांत चमक यायची. एकदा जुरोंग ईस्टला कोणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाला टोरांटोचे एक पाहुणे आले होते. काकांनी त्यांना बटाटेवड्यांच्या बशीसकट कोपऱ्यात घेतलं आणि विचारलं, की तुमच्याकडे ऐन हिवाळ्यात सकाळी मालट्रक सुरू करताना आवाज कसा येतो. पाहुणे म्हणाले, आमची गाडी तळघरात असते, तिथे हीटर असतो, बाकी काही ठाऊक नाही. काका परतताना एमआरटीच्या गाडीत बराच वेळ मान हलवत होते. मग म्हणाले, "इतकी वर्षं राहून आला माणूस, आणि काही पाहिलंच नाही ना बाप्पा."

काका धर्माने बौद्ध आणि स्वभावाने कर्मकांडाचे वैरी. नव्या गाडीपुढे नारळ फोडणं, लिंबूमिरची बांधणं असला प्रकार त्यांच्यापुढे कोणी केला तर ते तिथून उठून जात. घरात बुद्धाची एक मूर्ती, वैशाख पौर्णिमेला खीर, एवढंच. पण एक रीत मात्र ते कमालीच्या हट्टाने पाळत, ती त्यांच्या आईची. घरातून निघालेला माणूस रिकाम्या पोटी जाता कामा नये, आणि त्याच्याबरोबर वाटेचं काहीतरी दिलंच पाहिजे. मी नुसती लॅबला निघाले तरी माझ्या हातात डबा यायचा. नळ दुरुस्त करायला आलेला चिनी माणूसही पोळीची गुंडाळी खात खात लिफ्टमध्ये शिरायचा.

अशा या घरात एका जुलैत दोर्ज जेवायला आला. दोर्ज मंगोलियाचा, चेहऱ्याने रुंद, बोलायला कमी. आधीच्या भयंकर हिवाळ्यांत त्याची बरीचशी गुरं थंडीने गेली होती. उरलेली विकून तो एक लॉरी घ्यायला आला होता. तिच्यातून लांबलांबच्या मेंढपाळांना चारा पोचवायचा, असा त्याचा बेत होता. इतर गिऱ्हाइकं लॉऱ्या घाऊक घेत आणि कंपनीच्या मालकाशी बोलत. दोर्जला एकच हवी होती, आणि ती हिवाळ्यात बंद पडली तर त्याच्याकडे विकायला दुसरं काही उरलं नव्हतं. हे त्याने मोडक्या इंग्रजीत, काकूंच्या वरणाची तिसरी वाटी घेता घेता, अगदी साधेपणाने सांगितलं. काकांनी घास खाली ठेवला. म्हणाले, गाडी मी स्वतः तयार करून देतो, आणि पहिल्या हिवाळ्यात ती तुला उघड्यावर दगा देणार नाही, हा माझा शब्द. दोर्जने मूर्तीकडे बघितलं, हात जोडले आणि मान लववली. काकांनीही हात जोडले. शब्द असा दोघांच्या देखत आणि तिसऱ्याच्या साक्षीने दिला गेल्यामुळे काकूंनी मला हळूच सांगितलं, की आता यांना पुढचे सहा महिने झोप लागणार नाही.

दोर्जची हिरवी लॉरी काकांनी जशी सजवली तशी क्वचितच कोणी नवरी सजवली असेल. नेहमीची सगळी तयारी केलीच, शिवाय त्या मुलखात पंप फार लांब लांब असतात म्हणून एक जादा टाकी बसवली. मुख्य टाकी संपली की ड्रायव्हरच्या पायापाशी एक चावी फिरवायची, की इंजिन राखीव टाकीवर चालू लागतं. लॉरी बंदरावर जायच्या दिवशी मीही बघायला गेले होते. जहाजाच्या नियमाप्रमाणे मुख्य टाकी जवळजवळ कोरडी केलेली होती. काका लॉरीभोवती दोनदा फिरले, बोनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि त्यांचा चेहरा पडला. मग ते मालकाशी बराच वेळ हुज्जत घालून आले आणि नियमात बसेल तेवढं डिझेल त्यांनी राखीव टाकीत स्वतःच्या हाताने भरलं. दोर्जला म्हणाले, हे माझ्याकडून, वाटेला. दोर्जने ती टाकी दोन्ही हातांनी थोपटली.

मग हिवाळा आला, म्हणजे तोआ पायोहमध्ये काही आला नाही, पण काकांच्या संगणकावर आला. उलानबातरचं तापमान बघितल्याशिवाय ते चहा घेईनात. सिंगापूर आणि मंगोलिया यांचं घड्याळ एकच आहे, तिथे सात वाजतात तेव्हा इथेही सातच वाजतात, या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. सकाळी सात वाजता चहाचा कप हातात धरून ते म्हणत, आता दोर्ज स्टार्टर मारत असेल. आणि क्षणभर कान देऊन थांबत, जणू खालच्या पार्किंगमधूनच आवाज येणार आहे. डिसेंबर पार पडला. गाडी एका हाकेला उठते, असा निरोपही दोर्जकडून आला. काका त्या दिवशी हॉकर सेंटरच्या ठेल्यांवर अनोळखी माणसांना कॉफी पाजून आले.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी, आम्ही जेवून उठत होतो तेव्हा फोन वाजला. काकांनी नेहमीप्रमाणे "जय भीम" म्हणून उचलला आणि लगेच स्पीकर लावला. दोर्ज होता. चाऱ्याने भरलेली लॉरी माळरानात बंद पडली होती. जवळ एका मेंढपाळाचा तंबू होता, म्हणून जिवाला धोका नव्हता, पण फोन लागावा म्हणून तो टेकडीवर चढला होता आणि वाऱ्यात त्याचे शब्द तुटत होते. काकांचा आवाज एकदम डॉक्टरसारखा झाला. बॅटरी? चांगली. स्टार्टर फिरतो? जोरात फिरतो. ऑइल, रेडिएटर, आवरण? सगळं ठीक. मुख्य टाकीत डिझेल? संपलं, म्हणून चावी फिरवली. राखीव टाकीत काय भरलं आहेस, असं काकांनी विचारलं. आणि दोर्जने सांगितलं, की राखीव टाकीत दुसरं काही भरलंच नाही, तू दिलेलंच आहे. ती टाकी कधी वापरली नव्हती. तुझी भेट होती, ती अडचणीच्या दिवसासाठी ठेवून दिली होती.

काकांनी फ्रीजरकडे पाहिलं. सिंगापूरच्या पंपावरचं डिझेल थंडीत काय करतं हे सबंध दक्षिण गोलार्धात आणि निम्म्या उत्तर गोलार्धात त्यांच्याइतकं कोणी पाहिलं नसेल. रोज सकाळी पाहत होते. जगाला सांगितलेला शेवटचा नियम ते स्वतः विसरले होते, आणि तेही कंटाळून नव्हे, मायेने. त्यांचा चेहरा इतका उतरला, की मला त्यांच्याकडे बघवेना. पण ते सावरले. फोनजवळ वाकून सावकाश म्हणाले, "दोर्ज, गाडीची चूक नाही. चूक माझी आहे. आता मी सांगतो तसं कर."

पुढचे दोन-तीन तास मी आयुष्यात विसरणार नाही. टाकीखाली जाळ करायचा नाही, हे त्यांनी आधी तीनदा बजावलं, कारण तिकडे अडलेले लोक तसं करतात. बॅटरी काढून तंबूत शेगडीपाशी ठेव. फिल्टर काढ, थिजलेलं सगळं ओतून टाक, तोही शेकत ठेव. मेंढपाळाकडे हिवाळ्याचं डिझेल आहे का? दोर्ज म्हणाला, एक डबाभर आहे. मग ते मुख्य टाकीत भर आणि चावी परत तिकडे फिरव. पण टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळीत मेण अडकलंय, ते सोडवायला गरम काय आहे? दोर्ज म्हणाला, चहा आहे. मोठं पातेलंभर. दुधाचा, मीठ घातलेला. काका घोटाळले. दूध आणि मीठ हा मुद्दा त्यांच्या अभ्यासात कधी आला नव्हता. ते काकूंकडे वळले आणि काकूंनी काही न विचारता आधण ठेवलं. त्यांनी दूध घातलं, मूठभर मीठ घातलं आणि नवऱ्याने फ्रीजरमधून काढलेल्या बाटलीवर तो चहा ओतायला सुरुवात केली. मी फोन धरून उभी होते. बाटलीतलं पांढरं मेण कडेने विरघळू लागलं, पण काकांनी बाटली तिरपी केली तसं ते मध्ये पुन्हा गोळा झालं. काकू म्हणाल्या, "अहो, तसं नाही. त्याला कापड गुंडाळा, मग ओता. उष्णता धरून ठेवील." आणि स्वतःची जुनी शाल त्यांनी बाटलीभोवती गुंडाळली. या खेपेला डिझेल सबंध मोकळं झालं. काका फोनवर ओरडले, की नळीला लोकरीचा जाड नमदा गुंडाळ आणि मग चहा ओत, भरपूर ओत. दोर्ज बरं म्हणाला आणि टेकडीवरून खाली गेला, म्हणजे फोन बंद झाला.

त्यानंतर नुसतं वाट बघणं होतं. काकांनी पंखा बंद केला. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घरभर खारट चहाचा आणि डिझेलचा वास भरला होता. मुलगी ट्यूशनहून आली, वास घेऊन दारातच थांबली, आईचा चेहरा बघून बुटांचे बंद सोडू लागली. काका दारापाशी बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, की मी त्याला वाटेला म्हणून दिलं होतं. काकू शेवटी त्यांच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "त्यानं पण जपूनच ठेवलं ना. दोघंही सारखेच." ऊन उतरायला लागलं तेव्हा फोन वाजला. दोर्ज इतकंच म्हणाला, की टेकडीवर फोन तंबूतल्या म्हातारीच्या हाती देऊन मी खाली गाडीकडे जातोय, ऐका. आम्ही चौघं फोनवर वाकलो. वाऱ्याच्या मागे खूप लांबून खोकल्यासारखं काहीतरी झालं, पुन्हा झालं, आणि मग एक जाडसर, सलग घरघर सुरू झाली. काका डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या आयुष्यात त्यांनी ऐकलेली पहिली खरी थंडी ती.

त्या दिवसानंतर काका लॉरी पाठवताना टाकी कोरडी ठणठणीत करत. त्यांना ते जड जायचं. हात पुसत ते लॉरीला म्हणायचे, आता तिथलंच पी. दोर्जने पुढे निळ्या रेशमाचं एक वस्त्र पाठवलं, ते काकांनी मूर्तीपाशी ठेवलं. मंगोलियाला ये, अशी त्याची बोलावणी येत राहिली. काका दर वर्षी यंदा नक्की म्हणत, आणि दर वर्षी कुठली तरी लॉरी अर्धवट तयार असे.

माझं काम संपलं आणि मला कॅनडातल्या एका गावी नोकरी मिळाली. तिथला हिवाळा किती खाली जातो हे मी सांगितलं तेव्हा काकांनी माझ्याकडे जसं हेव्याने पाहिलं, तसं माझ्याकडे आजवर कोणी पाहिलेलं नाही. काकूंनी डिंकाचे लाडू केले. सिंगापुरात ते कोणी करत नाही, उष्ण पडतात. त्यांनाही कृती फोनवर बहिणीला विचारावी लागली. विमानतळावर काकांनी डबा माझ्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही. म्हणाले, हे वाटेपुरतं, तिथल्या थंडीला तिथलंच खाणं लागतं.

पहिल्या जानेवारीत मी त्यांना फोन केला. खिडकीबाहेर सगळं पांढरं होतं आणि रस्त्यावर एक मालट्रक स्टार्टर मारत होता. मी फोन खिडकीच्या फटीत धरून त्यांना तो आवाज ऐकवला. त्यांनी ट्रकचं वय आणि बॅटरीची तब्येत दोन्ही सांगून टाकलं. मग इकडचं तिकडचं बोलणं झालं, काकूंचे गुडघे, मुलीचं कॉलेज, आणि त्यांनी सहज विचारलं, की लाडू कधी संपले.

"एक ठेवलाय राखून," मी म्हटलं. "तुमची आठवण म्हणून."

पलीकडून मला पंख्याचा आवाज ऐकू आला.

"दोर्जनं पण राखूनच ठेवलं होतं, पोरी," काका म्हणाले. "आत्ता खा. मी थांबतो फोनवर."

डबा खिडकीच्या कठड्यावर होता आणि लाडू दगडासारखा झाला होता. मी चहा केला, कपाच्या वाफेवर लाडू धरला, आणि तूप सुटेपर्यंत काका खरंच थांबले.